टप उघडण्यापूर्वी खाली वाका!

हॉस्टेलमध्ये दोन वाद कधीच संपत नाहीत. पहिला, मेसच्या डाळीत डाळ किती आणि पाणी किती. दुसरा, पैसे असते तर कोणती गाडी घेतली असती. पहिल्या वादाचा पुरावा निदान रोज रात्री ताटात येतो. दुसऱ्याला पुरावा लागतच नाही, कारण खिशात पैसेच नसतात!

आमच्या खोलीच्या भिंतीवर लाल माझदा एमएक्स-5 चे पोस्टर आहे. दोन सीटची, उघड्या टपाची. ज्याने ते लावले त्या माझ्या पार्टनरला या गाडीचे सगळे अवतार तोंडपाठ आहेत. 1989 चा पहिला, ज्याचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. 1998 चा दुसरा, ज्याचे दिवे जागच्या जागी. 2005 चा तिसरा, अंगाने जरा भरलेला आणि पुढे घडीच्या पत्र्याच्या टपातही मिळालेला. सेकंडहँड घ्यायची तर यातली कोणती, यावर आमच्याकडे रात्री दोन दोन वाजेपर्यंत चर्चा झडते. आणि आपल्याकडे माझदा म्हणजे काय, तर स्वराज माझदाचा टेम्पो! एमएक्स-5 इथे कधी शोरूममध्ये आलीच नाही. बाहेरून जुनी आणावी म्हटले तर नियमाने तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही (अगदी पुराणकालीन सोडल्या तर), आणि तीन वर्षांच्या आतलीवर गाडीच्या किमतीहून जास्त कर. म्हणजे आमचा वाद पूर्णपणे निष्काम!

पण या वर्षी हाच वाद माझ्या घरी आला, आणि या वेळी खिशात पैसे होते. माझ्या नव्हे, बाबांच्या.

आम्ही विठ्ठलवाडीचे. कल्याणहून कर्जतकडे जाताना पहिले स्टेशन. बरेच जण ते डुलकीतच ओलांडतात. माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. या वर्षी वयाच्या नियमाने निवृत्त होत आहेत. एसटीच्या मेकॅनिकला काय स्वप्न असेल असे तुम्हाला वाटते? बाबांचे स्वप्न उघडी गाडी हे आहे. त्याची गोष्ट अशी, की कितीतरी वर्षांपूर्वी माळशेज घाटात एक बस बंद पडली. बाबा ब्रेकडाउनच्या गाडीने गेले. धो धो पाऊस, बाबा बसखाली उताणे, पाठीखालून पाणी वाहतेय. तेवढ्यात शेजारून एक उघडी जिप्सी गेली. आतली पोरे मुद्दाम भिजत होती, गात होती. बाबा म्हणतात, "भिजत मी पण होतो, ते पण होते. फरक एवढाच की ते वर बघत होते आणि मी खाली पडलो होतो."

त्या दिवसापासून बाबांनी वेगळे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. 2021 च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला. ते महिने घरात पगार नव्हता. मी बारावीला होतो. गाडीचे पैसे किराण्यात आणि माझ्या क्लासच्या फीमध्ये गेले. त्याबद्दल बाबा कधी एक शब्द बोलले नाहीत. आता निवृत्तीच्या वेळी आईनेच विषय काढला, "तेवढे तीन लाख बाजूला काढा आणि आणा ती तुमची गाडी." मग लगेच म्हणाली, "दोघांना बसायची गाडी आणि घरात माणसं चार! पण आणा."

म्हणून गाडी निवडायचे काम माझ्याकडे आले. मी बी. ई. मेकॅनिकल. चार वर्षांच्या शिक्षणाचा घरी उपयोग दाखवायची पहिलीच संधी! मी लगेच तक्ता केला. सीसी, बीएचपी, वजन, गिअर, मायलेज. आणि इथेच माझी पहिली चूक झाली. ती चूक तुमच्यापैकी कुणी करू नये म्हणून हा लेखप्रपंच.

माझ्या तक्त्यात सगळ्यात वर होती सॅन स्टॉर्म. तुमच्यापैकी अनेकांना हे नावही माहीत नसेल. खरी दोन सीटची, उघडणाऱ्या टपाची स्पोर्ट्स कार, आणि ती कुठे बनली तर आपल्या शेजारी, गोव्यात! सॅन मोटर्सने 1998 च्या सुमारास ती आणली. फायबरग्लासची बॉडी, रेनोचे 1149 सीसीचे इंजिन, ताकद साठेक बीएचपी. इंग्लंडमध्ये तीन चाकी गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रिलायंट कंपनीने ती तिकडे विकायचाही घाट घातला होता. फार थोड्या बनल्या. अशी एखादी गोव्यात विकायला निघाली की पोरे फोटो फिरवतात, तसा माझ्याकडेही आला. मी उड्या मारतच बाबांना दाखवला.

बाबांनी फोटो नीट पाहिला. "छान आहे. पुढची काच कुठे मिळते?"

मला उत्तर देता येईना. इंजिन कितीही चांगले असो, समोरची काच एका दगडाने फुटते. मग गाडी वर्षभर ताडपत्री पांघरून उभी. बनवणाऱ्याने ती बनवणे कधीच थांबवले आहे. फायबर गंजत नाही हे खरे, पण बिजागरी, काच, रबर, मागचा दिवा हे सगळे फक्त त्या गाडीचेच. ज्याच्याकडे दुसरी रोजची गाडी आहे, हौस आहे आणि वेळ आहे, त्याने स्टॉर्म जरूर घ्यावी. तसे लोक आहेत म्हणून ती रस्त्यावर टिकली आहे आणि मला त्यांचा हेवा वाटतो. पण निवृत्त माणसाच्या एकुलत्या तीन लाखांत ती बसत नाही.

मग गाडी वळली जिप्सीकडे. ही काही स्पोर्ट्स कार नव्हे. चारही चाकांना कमानपाटे आहेत, त्यामुळे खड्ड्यात गेली की बरगड्या मोजून घ्याव्यात. पण कापडी टप आहे, पुढे दोनच खऱ्या सीटा आहेत (मागची आडवी बाके ही शिक्षा धरावी!), आणि मुख्य म्हणजे आपल्या आवाक्यात आहे. हिचेही अवतार आहेतच. 1985 ची पहिली, 970 सीसी, 45 बीएचपी, चार गिअर. 1993 मध्ये चाकांमधले अंतर वाढवून ती रुंद केली. 1996 मध्ये जिप्सी किंग, 1298 सीसीचे कार्ब्युरेटरवाले इंजिन आणि पाच गिअर. 2000 मध्ये त्याच मापाचे सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय इंजिन, 80 बीएचपी. पुढे सुरक्षेचे नवे नियम आले आणि 2019 च्या सुमारास सर्वसामान्यांसाठी विक्री थांबली.

माझा तक्ता सांगत होता: सगळ्यात नवी ती सगळ्यात चांगली. हॉस्टेलचे शहाणपणही तेच. मग आम्ही तीन गाड्या पाहिल्या.

पहिली उल्हासनगरच्या कॅम्पात. 1998 ची किंग, कार्ब्युरेटरवाली, दोन लाख साठ हजार. दुसरी बदलापूरला, 2005 ची एमपीएफआय, काळीभोर चकाचक, जाडजूड टायर, पुढे दिव्यांची रांग, पावणेचार लाख. तिसरी मुरबाडला, 2008 ची एमपीएफआय, रंग उडालेला, टप ठिकठिकाणी शिवलेला, दोन लाख नव्वद.

तुम्ही ओळखले असेलच, मी बदलापूरच्या प्रेमात पडलो. बाबांनी मात्र बॉनेटला हातही लावला नाही. चटई मागितली, अंथरली आणि मला म्हणाले, "झोप खाली. या वेळी तू." मी नवीन शर्ट घालून गेलो होतो! पण झोपलो. बाबांनी टॉर्च आणि लहान हातोडी हातात दिली. "चॅसीवर वाजवत जा. पक्का लोखंडी आवाज आला तर ठीक. थप् आला की थांब."

डाव्या बाजूला, मागच्या पाट्याच्या टोकाशी थप् आला. वर ताजा काळा रंग, आत गंजाचा पापुद्रा. मग बाबांनी सीट सरकवायची पट्टी बघायला सांगितली. पट्टीच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. आपल्या भागात हे विशेष लक्षात ठेवा. 26 जुलै 2005 ला उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी कल्याण-बदलापूर पट्ट्यात काय केले ते घरच्यांना विचारा. 2019 च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तेव्हाही हाच पट्टा होता. ही गाडी नक्की कोणत्या पाण्यात उभी होती ते मला ठाऊक नाही. पण गाळ सीटखाली आपोआप चढत नाही.

शेवटचा घाव कागदांनी घातला. आरसी पुस्तकात गाडी हार्ड टॉप, म्हणजे पत्र्याच्या टपाची. समोर उभी आहे कापडी टपाची. कुणीतरी पत्रा कापून हौस भागवली होती! एजंट हसत म्हणाला, "सगळेच करतात." करत असतील. पण मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे, आणि कंपनीने ज्या रूपात गाडी दिली त्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बोट दाखवील. माझ्या तक्त्यात 'बीएचपी' हा रकाना होता, 'आरसीवरचा टप' हा रकाना नव्हता.

इथे माझे पहिले मत मांडतो. जुन्या गाडीत व्हर्जन हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न सांगाड्याचा, दुसरा कागदांचा. कॅटलॉगमधले आकडे गाडी नवी असताना खरे असतात. नंतरची वीस वर्षे त्यावर पाऊस, खड्डे आणि आधीचे मालक आपापली आकडेमोड लिहून ठेवतात. इंजिन खाली उतरवून बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, कापडी टप नवा शिवता येतो. गंजलेल्या चॅसीला वेल्डिंग करता येते, पण मग ती ठिगळाची चॅसी. एमएक्स-5 च्या नादी लागलेल्या इंग्रजांचा सल्लाही फार वेगळा नाही. दिवे वर येतात की नाही ते नंतर पाहा, आधी दाराखालचा पत्रा चाचपा, कारण तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाडी तिथूनच कुजते. पोस्टरवर दाराखालचा पत्रा कोणी पाहतो का?

"मग व्हर्जनला काही अर्थच नाही का?" असे कोणी विचारील. आहे, जरूर आहे. 45 बीएचपीची चार गिअरवाली घेऊन माळशेज चढायचा तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याचे सगळे शब्द ऐकायची तयारी हवी. म्हणून 970 सीसी आम्ही आधीच बाजूला ठेवली. पण व्हर्जनचा खरा प्रश्न आला तो शेवटी, कारण उल्हासनगरची आणि मुरबाडची, दोन्ही गाड्यांची चॅसी ठणठणीत वाजली. कागद दोन्हींचे सरळ. आता निवड खरोखरच कार्ब्युरेटर की एमपीएफआय अशी होती.

आणि इथे गंमत झाली. मी कार्ब्युरेटरच्या बाजूने होतो, बाबा एमपीएफआयच्या!

माझा मुद्दा साधा होता. कार्ब्युरेटर म्हणजे उघडी विद्या. झाकण काढा, जेट फुंका, फ्लोट बघा, स्क्रू अर्धा आटा फिरवा, निघा. रस्त्यात बंद पडली तर एक स्क्रू ड्रायव्हर आणि जुने फडके पुरते. एमपीएफआयमध्ये सेन्सर, वायरिंग, ईसीयू. एक सेन्सर रुसला की गाडी खोकते आणि डोळ्यांना काही दिसत नाही. शिवाय बाबा स्वतः रविवारी मित्राच्या गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर बांधत आलेले. कानाने ट्यून करतात. असा माणूस घरात असताना कार्ब्युरेटर घ्यायचा नाही तर कधी?

बाबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "कार्ब सोपा असतो, पण तो जाणणारा माणूस जवळ असेपर्यंत. आमच्या गॅरेजमध्ये कार्ब बांधणारे आम्ही तिघे होतो. एक गावी गेला, एक वारला. नवीन पोरं एमपीएफआयवर शिकली. त्यांना कार्ब दाखवला की ती तो बदलायलाच सांगतात. मी आहे तोवर तुझी गाडी चालेल. नंतर?"

मी गप्प. बाबाच पुढे बोलले, "आणि पेट्रोल बघ. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंगं खराब होतात, ती दोन्ही गाड्यांत बदलावी लागतील. पण कार्बचा जेट त्या पेट्रोलसाठी पुन्हा जमवावा लागेल. कोण जमवणार? मुरबाडच्या गाडीचं इंजिन एस्टीममध्ये होतं, व्हर्सामध्ये होतं. सामान मिळेल. कल्याणला कोणीही हात लावील."

सरकारी हिशेबही त्याच बाजूला झुकत होता. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. मग तपासणी करून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल 2022 पासून मोटारीला 5000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना 10000 झाली. वर पर्यावरण कर, नवी नंबर प्लेट, पीयूसी हे वेगळे. 1998 ची गाडी आजच त्या वरच्या पायरीवर उभी आहे. 2008 ची अजून खालच्या पायरीवर. पण खरे सांगतो, हा हिशेब मी नंतर केला. माझे मत बदलले ते "नंतर?" या एका शब्दाने.

आपण इंजिनिअर लोक 'साधे यंत्र' आणि 'अवघड यंत्र' असे म्हणतो, जणू तो गुण यंत्राच्या पोटात कोरलेला असतो. तसे नसते. यंत्र साधे की अवघड हे आसपास ते कोणाला येते त्यावर ठरते. वीस वर्षांपूर्वी विठ्ठलवाडीत एमपीएफआय अवघड होते आणि कार्ब्युरेटर साधा. आज उलटे झाले आहे. ना त्या स्क्रूमध्ये काही बदलले, ना त्या सेन्सरमध्ये. माणसे बदलली. आणि आपल्या लॅबमध्ये काचेच्या कपाटात कार्ब्युरेटरचे कापलेले मॉडेल ठेवले आहे, त्यावर बाणांनी नावे आहेत. तोंडी परीक्षेत आपण ती धडाधड सांगतो. पण चालत्या इंजिनाचा आवाज ऐकून मिश्रण पातळ झाले की घट्ट, हे आपल्या वर्गात किती जण सांगतील? मी नाही सांगू शकत. मेकॅनिकलचे सर हा लेख वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती: निवृत्त मेकॅनिकना वर्षातून दोन दिवस लॅबमध्ये बोलवा. मानधन नसले तरी चहावर येतील. त्यांच्या कानात जे आहे ते कपाटात ठेवता येत नाही.

असो. तर हॉस्टेलमधल्या भावी ग्राहकांनो, पहिल्या पगारात जुनी उघडी गाडी घ्यायची असेल तर माझा क्रम लक्षात ठेवा. आधी चटई घेऊन खाली झोपा. मग आरसी वाचा: बॉडीचा प्रकार, चॅसी नंबर, नोंदणी कधीपर्यंत, कर्जाची नोंद उतरली का. मालकाची 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सही झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मग सुट्या भागांच्या दुकानात जाऊन पुढच्या काचेची आणि क्लच प्लेटची चौकशी करा. आणि सगळ्यात शेवटी व्हर्जन. तेही 'कोणते भारी' असे विचारू नका. 'पाच वर्षांनी हे कोण दुरुस्त करील' असे विचारा. उत्तरात एखादे माणूस डोळ्यांसमोर आले तर घ्या. कोणीच आले नाही तर पोस्टर घ्या, स्वस्त पडते!

मुरबाडच्या गाडीला आम्ही बयाणा दिला आहे. कल्याण आरटीओत नाव चढायचे बाकी आहे. टप शिवायला टाकला आहे, पण बाबा म्हणतात घाई नाही, पावसाळ्यात तसाही तो उघडाच ठेवायचा आहे. दरम्यान गॅरेजमध्ये पडलेला एक जुना कार्ब्युरेटर त्यांनी घरी आणलाय. मी शनिवारी लोकलने घरी गेलो की जेवणानंतर वर्तमानपत्र अंथरून आम्ही दोघे तो उघडतो आणि परत जोडतो. आमच्या गाडीत तो कधीच बसणार नाही. मागच्या शनिवारी जोडून झाल्यावर माझ्याकडे एक वॉशर उरला. बाबा म्हणाले, "परत उघड."

– बी. ई. मेकॅनिकल